घडी नसलेली मतं

मासिकाच्या कचेरीत मतं मोजायचं काम वीस वर्षं एकाच बाईकडे होतं. सगळे त्यांना मोजणीमावशी म्हणत. दरवर्षी वाचक आपल्या पसंतीच्या घरगुती वस्तूचं नाव लिहून अंकातलं कूपन पाठवत, आणि पहिल्या आलेल्या वस्तूच्या फोटोखाली मावशींची सही छापून येई. आत काय शिजतं कोण जाणे, अशी वाचकांनी एकदा कुरकुर केली होती, तेव्हापासूनची ही सही.

यजमान गेले आणि मावशींना कशाचंच काही वाटेनासं झालं. रडू नाही, हसू आलंच तर शेजारणीचं उसनं आणल्यासारखं. हात तेवढे चालू. सकाळी पाकिटं फोडून कूपनं टोपलीत टाकायची, दुपारी एकेक उलगडून मोजायची.

त्या दुपारी जेवून आल्या, तर टोपली शिगोशीग भरलेली. मोजायला घेतलं आणि हात अडला. वरच्या थरात उलगडायला काही नव्हतंच. कूपन वहीच्या पानाएवढं, घडी घातल्याशिवाय पाकिटात मावायचं नाही. आणि ही सहाशे बारा कूपनं इस्त्री केल्यासारखी सपाट, कडाही मशीननं कापलेल्या. घरी कात्री चालवताना बाईचा हात थोडा तरी वाकडा जातोच, मांडीवर पोर असलं तर विचारूच नका. सगळ्यांवर नाव एकाच मिक्सरचं. ती वगळली तर तो चौथा येत होता.

मावशी गठ्ठा घेऊन संपादकांकडे गेल्या. मिक्सरवाल्यांनी वर्षभरासाठी मागच्या पानाची जाहिरात दिलीय, हे कचेरीत चहावाल्यालाही ठाऊक होतं.

"मावशी, नियमांत घडीबद्दल काही लिहिलंय का?"

"नाही."

"मग मोजा की."

"मोजली, साहेब. सहाशे बारा. टपालानं आलेलं त्यात एकही नाही."

संपादक गोड बोलले, इतक्या वर्षांचा घरोबा वगैरे काढला, सहीसाठी निकालाचा कागद पुढे सरकवला. मावशींना राग आला नाही, भीतीही वाटली नाही. पेनाला टोपण लावलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

अंक निघाला. मिक्सर पहिला, खाली मागल्या वर्षीची सही उचलून चिकटवलेली.

संध्याकाळी शेजारची सून नवा खोका घेऊन दारात. "तुमची सही बघून घेतला हं, मावशी. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी मोजलंय ना, मग डोळे झाकून घे."

"पावती जपून ठेव. सही माझी आहे, पण मी केलेली नाही."

"अगंबाई. म्हणजे मिक्सर वाईट आहे?"

"ते मला काय ठाऊक? चौथा आलाय, एवढं ठाऊक आहे."

मग भाजीचे भाव सांगावेत तशा सुरात त्यांनी तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या नाहीत. वहीचं पान फाडून खरे आकडे लिहिले, कुठली मतं का बाद केली तेही लिहिलं, खाली सही केली आणि पान स्वतःच्या दारावर चिकटवलं. येता-जाता बायका थांबून वाचू लागल्या. एकीनं आत डोकावून विचारलं, आता बरं वाटत असेल ना?

"कळत नाही गं अजून," मावशी म्हणाल्या, आणि तिला बसायला पाट दिला.