शिस्टरबाई एकदाच खोटं बोलल्या

शिस्टरबाई मूळच्या केरळातल्या, पण वऱ्हाडी बोलायच्या ती आमच्याहून अस्सल. दिग्रसजवळच्या आमच्या गावात मिशनचा छोटा दवाखाना होता. त्याच्या ओसरीत रांगेला बसणाऱ्या बायकांकडून त्यांनी ती उचलली होती. माझे यजमान मास्तर. 'मले' नाही, 'मला' म्हणा, असं त्यांनी एकदा सुचवलं. "मला म्हटलं तं बाया ऐकत नाहीत, मास्तर. मले म्हटलं का गोळी खातेत," असं उत्तर मिळालं.

गोळी न खाता 'खाल्ली' म्हणणारीचा त्यांना भारी राग. पांढऱ्या झग्याच्या बाह्या सारून त्या तिला जीभ काढायला लावायच्या. "खोटं बोलशीन तं फोड येईन व जिभेले!" मग स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात गोळी घालायच्या.

ज्या घरी जातील तिथलं खायच्या. तांड्यावर भाकर, नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीत चहा. आमच्या आळीत त्याची कुजबुज चाले. कुजबुजणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

माझी कुसुम आठ महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. छाती भात्यासारखी चालत होती. सासूबाई लेकीकडे दारव्ह्याला गेलेल्या. शिस्टरबाई आल्या, जमिनीवर बसल्या, लेकरू मांडीवर घेऊन सुई दिली. पाच दिवस रोज द्यावी लागेल म्हणाल्या. त्या गेल्या आणि मी शेण कालवून, त्या बसल्या होत्या तेवढी जागा सारवायला घेतली. लेकरू बाजेवर कण्हत होतं आणि मी सारवत होते! तेवढ्यात दारात सावली पडली. विसरलेली छत्री न्यायला त्या परतल्या होत्या. त्यांनी माझे हात पाहिले, छत्री उचलली, "उद्या येते," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावरच बसल्या. "इथंच आन लेकराले. बिमार पोर घेऊन कितीदा सारवशीन?" आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. 'आत या' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते, पण मेले बाहेर पडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सासूबाई परतल्या. सोवळ्याच्या कडक. मला वाटलं, शाबासकी देतील. शिस्टरबाईंना भर उन्हात पाहून त्या कडाडल्या, "काहून व? लेकराचा जीव वाचवून राह्यली, अन् तिले उन्हात बसवली?"

मी कुसुमचं झबलं सारखं करत राहिले.

"मीच बसली, आजी," सुई भरता भरता शिस्टरबाई म्हणाल्या. "मले सुई भराले उजेड लागते."

सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि पाट मांडला.

कुसुम वाचली. वर्षभरात शिस्टरबाईंची बदली झाली. मोटारस्टँडवर अर्धं गाव लोटलं होतं, बाया रडत होत्या. मी कुसुमला कडेवर घेऊन मागेच उभी होते. त्या गर्दीतून आमच्याकडे आल्या, सवयीनं कुसुमला जीभ काढायला लावली आणि हसल्या. मला माफी मागायची होती. "जेवल्या काय?" एवढंच विचारलं.

ही गोष्ट मी कुसुमला कितीदा सांगितली आहे. फक्त सांगताना त्यांना दगडावर बसवते ती तिची आजी. एकदा चुकून तसं तोंडातून गेलं, मग तेच सोयीचं झालं. सासूबाईही आता नाहीत, नाही म्हणणार कोण? आजीच्या फोटोला हार घालताना कुसुम अजून म्हणते, "आजीनं त्या बाईंना उन्हात बसवायला नको होतं गं."

मी म्हणते, "हो ना."