खिशातलं विचारायचं नाही

आमची आई आम्हाला कधी मारायची नाही, कधी ओरडायची नाही आणि कधी काही विचारायचीही नाही. पहिल्या दोन गोष्टींचं सगळे कौतुक करतात. तिसरी मी सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

ती लाँड्रीत काम करते. एकवीस वर्षं झाली. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, त्याच्या मागे मशीनं. टेबल आईचं. मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक कपडा तिच्या हाताखालून जातो. कॉलर बघायची, डाग बघायचा, बटणं मोजायची आणि खिसे उलटे करायचे. एखादं पेन खिशात राहिलं तर सोळा शर्टांचा बट्ट्याबोळ होतो, म्हणून खिशाचं काम मालक दुसऱ्या कुणाला देत नाहीत. जे सापडेल ते कागदी पाकिटात, पाकिटावर पावतीचा नंबर, आणि तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकाला खिशातलं काही विचारायचं नाही, असा तिथला नियमच आहे.

एकदा एक बाई नवऱ्याचा कोट न्यायला आल्या. पाकिटात सिनेमाची दोन तिकिटं. बाईंनी काउंटरवरच पाकीट फोडलं आणि आत वाकून आईला विचारलं, "अजून काय होतं हो खिशात? खरं सांगा."

"होतं ते पाकिटात आहे," आई म्हणाली आणि पुढच्या पँटकडे वळली. त्या दिवसापासून मालक तिला तिजोरी म्हणतात. तिला ते नाव आवडतं. तिच्या गप्प राहण्याचं दुसऱ्या कुणी कौतुक केलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा नियम ती घरीही घेऊन आली. फ्रिजवर दोन वाट्या असत, एक माझी, एक धाकटीची. रविवारी कपडे धुताना आमच्या खिशातून जे निघेल ते ज्याच्या त्याच्या वाटीत. मी आठवीत असताना एका मुलाने दिलेली चिठ्ठी माझ्या स्कर्टच्या खिशात राहिली. ती आठवली रविवारी, कपडे धुऊन झाल्यावर. धावत गेले तर चिठ्ठी चार घड्या घालून वाटीत ठेवलेली आणि आई दोरीवर चादर वाळत घालत होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मैत्रिणींच्या आया चौकशा करकरून त्यांचा जीव खायच्या. मला वाटलं, आपल्याला देवमाणूस आई मिळाली. पुढे दोन दिवस मी तिच्या आगेमागे उगाचच घुटमळत होते. कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

बाबा अगदी उलटे. बोलघेवडे, कामाच्या नावाने बोंब. रस्त्यात कुत्रं भेटलं तरी त्याची खुशाली विचारतील. चार वर्षांपूर्वी ते घर सोडून गेले. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी म्हणाले, "या घरात मला भिंतींशी बोलल्यासारखं वाटतं," आणि गेले. आईने त्यांचे राहिलेले सात शर्ट धुतले, इस्त्री केले, पुठ्ठा घालून घड्या केल्या आणि पाठवून दिले. ती रडली नाही. आम्हीही नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती.

मग धाकटीच्या वाटीत बसची तिकिटं दिसायला लागली. चाळीस नंबरची. ही बस आमच्या भागातून निघते आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बाबा राहतात तिथे जाऊन थांबते. धाकटीचं कॉलेज तर घरापासून चालत दहा मिनिटांवर. न कळायला आई काही दुधखुळी नव्हती. मीही नव्हते. पण आई विचारत नाही तर मी कशाला मध्ये पडू, असं म्हणून मी गप्प बसले. वाटीत तिकिटं साचत गेली.

एका रविवारी आईने धाकटीच्या जीन्सच्या खिशातून आणखी एक तिकीट काढलं. धाकटी दारातच उभी होती. तिने विचारलं,

"किती झाली गं?"

"काय?"

"तिकिटं."

"अकरा," आई म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही.

"चाळीस नंबर कुठे जाते, माहीत आहे तुला?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

आईने जीन्स बादलीत टाकली. "तुझा खिसा, तुझं तिकीट. मी कोण विचारणार?"

"आई, तिकीट बसमध्येच टाकून देता येतं," धाकटी म्हणाली. "मी ते घरापर्यंत आणत होते."

आई जीन्स बुचकळत राहिली. नळ सुरू होता, तो मीच बंद केला.

"बाबा काय विचारतात सांगू? वर्गात शेजारी कोण बसतं. डब्यातलं काय उरलं. पाय अजून दुखतो का."

"तुझा पाय दुखतो?" आई म्हणाली.

तिने आमच्यापैकी कुणाला विचारलेला मला आठवतो तो हा पहिला प्रश्न.

"दुखायचा. दोन महिने झाले थांबून," धाकटी म्हणाली. "मी बाबांकडे राहायला जातेय."

ती पायपुसण्याशी उभी राहून वाट बघत होती. आईने 'का' म्हणावं, 'जाऊ नकोस' म्हणावं, निदान 'कधी' तरी म्हणावं. आईने हात पुसले, धाकटीचे दोरीवरचे सुकलेले कपडे काढले आणि इस्त्री तापवली. अर्ध्या तासात नऊ कपडे तयार झाले, एकालाही सुरकुती नाही. धाकटीने ते बॅगेत भरले आणि ती गेली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी दार लावून घेतलं आणि बादलीतली जीन्स पिळून वाळत घातली.

तीन दिवस आई नेहमीसारखी कामावर गेली, नेहमीसारखी आली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली.

"काय विचारायचं असतं गं?"

"म्हणजे?"

"मुलांना. मला येत नाही ते. आमच्या घरी आठ जण होतो, कोण कुणाला काय विचारणार? मग लाँड्रीत लागले." तिने टेबलावरचा नसलेला कण पुसला. "फोनवर मी तिला जेवलीस का विचारते. ती हो म्हणते. बरी आहेस ना विचारते. ती हो म्हणते. मग संपतंच."

मी तिची शिकवणीच घेतली. मला शिकवायला फार आवडतं. म्हटलं, ही तर तू हजेरी घेतेस. हो-नाही म्हणून सुटका होईल असं विचारायचंच नाही. आज कुणामुळे हसू आलं ते विचार. कंटाळा कुठल्या तासाला आला ते विचार. आणि तिने सांगितलं की त्यातलंच एक टोक धरून पुढचं विचार. उपदेश करू नकोस, मध्ये तोडू नकोस. आईने रद्दीतल्या पावतीच्या पाठीमागे सगळं लिहून घेतलं, आकडे घालून.

दर रविवारी पाच वाजता ती फोन लावायला लागली. समोर पावती, हातात पेन. पहिला फोन दोन मिनिटांत आटोपला. दुसऱ्या वेळी तिने सगळे प्रश्न एका दमात विचारून टाकले. धाकटी म्हणाली, "आई, तू सर्व्हे करतेयस का?" आईला विनोद कळला नाही. तिने खरंच "नाही" असं उत्तर दिलं.

याच सुमारास माझी नोकरी गेली. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला होते. मालकांनी ती शाखाच बंद केली आणि आम्हा चौघांना एका दुपारी घरी पाठवलं. घरी पाठवलं खरं, पण मी काही वेळेआधी घरी गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजच्यासारखी नऊला निघायची आणि सहापर्यंत वाचनालयात बसायची. डबा जिन्यात बसून खायची. आईला कसं सांगावं याचा मी विचारही करत नव्हते. ती विचारेल, मग सांगू, एवढंच डोक्यात होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

माझी नोकरी जाऊन तीन आठवडे झाले, त्या रविवारी आईने फोन लावला आणि पावती प्रश्नांची बाजू खाली करून ठेवली. विचारलं, "शेजारी कोण बसली होती काल?" मग ती ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "अगंबाई! मग सरांनी काय केलं?" मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.

फोन ठेवून ती माझ्याकडे आली आणि बोलायला लागली. धाकटीच्या शेजारची मुलगी तासाला डोळे उघडे ठेवून झोपते. सरांनी तिलाच उत्तर विचारलं आणि ती "हजर" म्हणाली. बाबांनी कपाटाचं दार बसवलं, ते उलटं उघडतं. सांगताना आई हातवारे करत होती. एवढी वाक्यं सलग बोलताना मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी लिहून दिलेलं सगळं तिने बरोबर केलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी नुसती मान हलवत होते, आणि ती थांबायची वाट बघत होते.

ती थांबली. पाणी प्यायली आणि तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी पाय जवळ घेऊन सरळ बसले. आता विचारेल, असं मला अगदी खात्रीने वाटलं. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं.

"तुझं बरं आहे बाई," ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "तुझं काही विचारावंच लागत नाही."

मी "हो ना" म्हटलं.

सोमवारी नऊ वाजता आईने डबा भरून माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि निघाले.