एकेचाळीस दिवसांचं कारण

हुपरीत आकारामच्या घरच्या कारखान्यातलं काम संपलं की बायडाबाई उंबऱ्याच्या आत थांबायची आणि पदर झटकायची. सावकाश, दोनदा. पैंजणांच्या कड्या जोडताना अंगावर बसलेली चांदीची धूळ तिथंच पडावी, दुसऱ्याच्या चांदीचा कण आपल्या घरी जाऊ नये, म्हणून. एकोणीस वर्षं तिनं हे रोज केलं. तसं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आकाराम तिचा सख्खा भाऊ नव्हे. तिला भाऊच नव्हता. कामाला लागली त्या वर्षी आकारामच्या बायकोनं भाऊबीजेला तिला घरात बोलावून पाट मांडला, आणि तेव्हापासून ती त्याला ओवाळत आली. कामाचा कागद कधी झाला नाही. भावाकडं कागद कसला मागायचा, असं ती म्हणे.

एका नवरात्राच्या तोंडावर चांदीची पट्टी दाबायच्या मशीनवरचा माणूस आला नाही, म्हणून आकारामनं तिला तिथं बसवलं. दुपारी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात तोच घेऊन गेला. "पुढचं समदं मी बघतो, तू गप बस," म्हणाला. ती गप्प बसली. महिन्याभरानं भाऊबीज आली तेव्हा उजवा हात बँडेजमध्ये होता. तिनं डाव्या हातानं ओवाळलं, आणि त्याबद्दल वहिनीची माफी मागितली. कड्या जोडणं पुन्हा जमलं नाही, तिच्या जागी दुसरी बाई बसली. तरी पुढच्या दिवाळीलाही ती ओवाळून आली. तिसऱ्या दिवाळीत आकारामच्या घरून निरोप आला, यंदा येऊ नका.

मग ती कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या संयोगिता वकिलांकडं गेली. तिथं कळलं की भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. कागद न्यायालयात पोचेपर्यंत एकेचाळीस दिवस जास्त झाले. उशीर माफ झाला तरच दावा ऐकला जाणार होता. नाहीतर बोटं कशी गेली, हे कुणी विचारणारसुद्धा नव्हतं. उशिराचं कारण काय लिहू, असं संयोगितानं विचारलं.

"भाऊबीज हुती की," बायडाबाई म्हणाली. "ओवाळून यायचं आन् कोर्टात जायचं, कसं जमंल?"

दोन महिन्यांनी आकारामचं लेखी म्हणणं आलं. संयोगितानं ते वाचून दाखवलं. सदर बाई आमच्याकडे कधीही कामास नव्हत्या, आम्ही त्यांना ओळखत नाही. बायडाबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा कागद आला आसंल. नाव बघा की तुमी."

नाव बरोबर होतं. खाली सही होती, आणि ती सही तिनं चांदीच्या पुड्यांवर हजारदा पाहिली होती. तिनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्या दिवशी स्टँडवर हुपरीच्या दोन गाड्या तिच्या समोरून गेल्या. तिसरीत ती चढली.

ओळखीचा काहीतरी पुरावा हवा होता. पुढच्या खेपेला तिनं संकोचत मोबाईल पुढं केला. वहिनीनं पाठवलेला फोटो होता, भाऊबीजेच्या दिवसाचा. पाटावर आकाराम, समोर ती. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातात ताट. डाव्या हातानं ओवाळल्याची लाज वाटायची, म्हणून तिनं तो कुणालाच दाखवला नव्हता.

सुनावणीला न्यायाधीशांनी फोटो नीट पाहिला आणि आकारामला विचारलं, पाटावर कोण बसलंय? तो म्हणाला, मीच. आणि ओवाळणारी बाई?

आकारामनं फोटो हातात घेतला. त्याच्या वकिलानं खाकरून पाहिलं.

"आमची बायडा," तो म्हणाला.

उशीर माफ झाला. आता दावा ऐकला जाईल, असं संयोगितानं समजावून सांगितलं. बायडाबाईनं मान हलवली, पण तिचा चेहरा त्या कागदाच्या दिवशी झाला होता तसाच होता. दालनाच्या दाराशी ती थांबली आणि पदर झटकला. सावकाश, दोनदा. आकाराम तिथंच भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. त्यानं ते पाहिलं असणार.

यापुढं दोघांचं बोलणं वकिलांच्या तोंडूनच व्हायचं होतं. आजवर तसंच झालंय. त्याआधीचं तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं, तिथंच दाराशी, एवढंच.

"दादा, वैनीचा गुडघा कसा हाय आता?"