हळूबाई पुलापलीकडे

लॅबमध्ये सगळे तिला हळूबाई म्हणत. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं तिचं काम. हात इतका हलका, की पेशंट म्हणायचे, "डासानंसुद्धा हिच्याकडे शिकवणी लावावी!" सतरा वर्षांत ती एकाही दारात कचरली नव्हती. पण त्या सकाळी यादीत पुलापलीकडचा पत्ता दिसला आणि ती तो पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीत तिथल्याच जमावानं तिच्या धाकट्या भावाचा हात मोडला होता. तेव्हापासून तिनं पूल ओलांडला नव्हता. तिकडचे पत्ते कामावरची जोडीदारीण घ्यायची. आज मात्र ती रजेवर होती.

पेशंट एक आजोबा होते, पाय सुजलेले. दार उघडलं त्यांच्या चाळिशीतल्या मुलानं. ओळखपत्रावरचं आडनाव वाचून त्याचा चेहरा आक्रसला. "पलीकडच्या का तुम्ही?"

"हो."

तिला आत घेऊन तो खोलीच्या दारातच हाताची घडी घालून उभा राहिला.

तिनं आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. नस सापडेना. सुईचं टोक थरथरायला लागलं.

"जमत नसेल तर राहू द्या," मुलगा म्हणाला. "आमचं दुकान जाळताना तुमच्या लोकांचे हात नाही थरथरले."

'आणि माझ्या भावाचा हात?' शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात तिला जाणवलं, आपण दात इतके आवळलेत की कान दुखतोय. खांदे वर चढलेत. पायाची बोटं मुडपलीत. सुई बघून आखडणाऱ्या पेशंटला ती रोज सांगायची, अंग सैल सोडा, श्वास सोडा. स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, पट्टा सोडला. टाचा जमिनीवर नीट टेकवल्या. खांदे खाली येऊ दिले. श्वास सावकाश बाहेर सोडला, मग आणखी एक. छातीतली धडधड काही थांबली नाही, पण आवाज फुटला.

"एक मिनिट द्या. मला भीती वाटतेय. दंगलीत माझ्या भावाचा हात याच वस्तीत मोडला होता."

मग आजोबा मुलावर खेकसले, "दारातून हो की बाजूला! तू असा उभा राहिलास की माझाच जीव गुदमरतो."

मुलगा स्टुलावर बसला. गुडघे चोळत राहिला. "बेल वाजली की माझ्याही घशाला कोरड पडते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "अजून."

मनगटाजवळची नस तिला सापडली. तीन ट्यूब भरल्या.

निघताना त्यानं विचारलं, "भावाचा हात?"

"जुळला. पण जड काही उचलवत नाही. दुकान?"

"नाही उघडलं परत."

माफी कोणीच मागितली नाही. परतताना पुलावर कठडा धरून ती बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या महिन्यात तोच पत्ता आला. जोडीदारीण म्हणाली, "दे, मी जाते."

"नको, मीच जाते," हळूबाई म्हणाली, आणि निघण्याआधी दोनदा पाणी प्यायली.