तारेबाहेरचं बळ

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पुंजारामचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती टेम्पोत टाकून इथे आणतात. जळालेली तार उपसून काढायची, तांब्याच्या नव्या तारेच्या कॉईल करायच्या, त्या मोटरच्या लोखंडी खाचांत बसवायच्या आणि त्यांची टोकं एकमेकींना जोडायची, असं हे काम. लग्न झाल्यापासून कॉईल करायचं काम त्याच्या बायकोकडे, सत्यशीलाकडे होतं. स्वयंपाक उरकला की ती लाकडी साच्यावर तार गुंडाळत बसायची. तिचा हात सफाईचा. जोडणी मात्र पुंजाराम स्वतः करायचा. टोकं ठरावीक पद्धतीनेच का जोडायची, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुंजारामला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागलं आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं त्याला सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा: ‘बघ’. पाणी हवं असलं तरी बघ, राग आला तरी बघ.

दुकान भाड्याने देऊन टाका, असं भाऊबंद म्हणाले. सत्यशीलाने ऐकून घेतलं आणि पुंजारामला रिक्षात बसवून दुकान उघडलं.

“घरी भिंतीकडं बघत बसन्यापरीस इथं बसा,” ती त्याला म्हणाली. “मलाबी सोबत हुईल.”

जुन्या मोटरी उघडून त्यांतली जोडणी ती पाहायची आणि हुबेहूब तशीच करायची. सुरुवातीच्या मोटरी चालल्या. मग नदीकाठच्या कल्याण नावाच्या शेतकऱ्याची मोटर आली. तिच्यात नवी तार भरून दिली, तर दुसऱ्याच दिवशी तो परत घेऊन आला.

“वहिनी, नुसती घुरघुरतीय. फिरायचं नावच न्हाई. अन् तापती तर अशी, की हात लावू देत न्हाई. रानातला गुरांचा घास पिवळा पडायला लागला माझा. भाऊ असते तर...” कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या पुंजारामकडे त्याची नजर गेली आणि त्याने मोटर खाली ठेवली.

कल्याण गेल्यावर सत्यशीलाने मोटर उघडली. एकेक कॉईल तपासली. तार कुठे तुटली नव्हती, कुठे उघडी पडली नव्हती. पुंजाराम खुर्चीवरून पुढे झुकला. “बघ. बघ.”

“काय बघू? समदं बघितलं की!” तिचा आवाज चढला. “तुमाला काय दिसतंय ते मला कसं कळावं?” तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.

पुंजाराम उठला. पाय ओढत फळीपाशी गेला. डाव्या हाताने त्याने खिळ्यांचा डबा खाली पाडला, पान्हे बाजूला सारले आणि मागून एक छोटं होकायंत्र काढलं. मग फवारणीच्या पंपाच्या बॅटरीकडे बोट दाखवलं. आता हे काय खेळणं, असं तिला वाटलं, पण तिने बॅटरी आणून दिली.

त्याने होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि तारेचा एक तुकडा त्याच्यावरून नेला. तारेची टोकं बॅटरीला लावायला तिला खुणावलं. तिने लावली, आणि सुई गर्रकन वळली. तार काढताच सुई पुन्हा जागेवर आली. टोकांची अदलाबदल करून लावल्यावर ती उलट्या बाजूला वळली.

सत्यशीलाने तेच पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा एकदा. तार सुईला शिवली नव्हती, तरी सुई हलत होती. पाइपात पाणी धावतं तशी तारेत वीज धावते आणि पाण्याच्या धारेसारखी ती मोटरीला ढकलते, असं तिच्या मनात इतकी वर्षं होतं. पण मोटरच्या आतला फिरणारा भाग तर तारेला कुठेच लागत नाही. मधे नखाच्या जाडीएवढी फट असते. वीज तारेतून जात होती आणि तारेच्या बाहेर, त्या मोकळ्या जागेत, लोहचुंबक जागा होत होता. लोखंड फिरवत होता तो हा.

“म्हंजी मी आजवर चुंबक गुंडाळत हुते?” तिने विचारलं. पुंजारामने मान डोलावली.

मग त्याने मोटरच्या कॉईलना बॅटरी लावायला खुणावलं आणि आतल्या कडेने होकायंत्र हळूहळू फिरवलं. कॉईलच्या एका गटापाशी सुईचं एक टोक लोखंडाकडे वळायचं, पुढच्या गटापाशी दुसरं. एका जागी मात्र आधीचंच टोक वळलेलं राहिलं. तिथे त्याने बोट ठेवलं.

या वेळी तिला सांगावं लागलं नाही. त्या गटाची टोकं उलटी जोडली गेली होती. तिथला चुंबक बाकीच्यांच्या विरुद्ध ओढत होता, म्हणून मोटर घुरघुरत होती आणि तापत होती. तिने जोड सोडवून पालटला. संध्याकाळी मोटर सुरू केली, तेव्हा ती एका दमात फिरली. पुंजारामने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

पण सत्यशीलाच्या डोक्यातून विषय जाईना. पुढच्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, “अहो, विजेनं चुंबक हुतो. मग चुंबकानं वीज हुती का?”

पुंजारामने हातातला घास ताटात ठेवला. मग त्याने भंगारातून सायकलचा जुना डायनामो काढायला लावला आणि त्याला बल्ब जोडून घेतला. आत तारेच्या वेटोळ्यांमधे चुंबक होता. तिने डायनामोचं टायरला घासणारं डोकं बोटांनी जोरात फिरवलं. बल्ब मिणमिणला. थांबताच विझला. नुसता चुंबक असून भागत नव्हतं, तो फिरता हवा होता. दोघं मिळून तो बल्ब किती तरी वेळ पेटवत बसले. ताटातली भाकरी वाळून गेली.

पुंजारामची वाचा परत आली नाही. डॉक्टरांनी दिलेले ओठांचे व्यायाम ती त्याच्याकडून रोज करून घेते, तो चिडला तरी. डाव्या हाताने कॉईलना वार्निश लावण्यात मात्र तो आता तरबेज झाला आहे.

दिवाळीच्या आधी दोघं तांब्याची तार आणायला श्रीरामपूरला गेली. यापूर्वी सत्यशीला तार आणायला कधीच गेली नव्हती. दुकानदाराने तिच्या मागे, दाराकडे पाहिलं. “मालक न्हाई आले?”

“आलेत. टेम्पोत बसलेत,” सत्यशीला म्हणाली. “तार मी बघनार हाय. काढा.”