वडगावची म्हैस आणि अण्णांचं पोट

"परवा म्हस काकतीला चालली, डाक्टर. आजचं ताक शेवटचं म्हणून समजा."

एवढं बोलून काशीआक्कांनी पितळेची चरवी माझ्या टेबलावर आदळली. ताक उसळून ब्लॉटिंग पेपरवर सांडलं. बाकावरचे पेशंट खोकायचे थांबले.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी नुकताच डॉक्टर होऊन बेळगावला खडेबाजारातल्या एका डिस्पेन्सरीत असिस्टंट म्हणून लागलो होतो. डिस्पेन्सरी थोरल्या डॉक्टरांची. ते आतल्या खोलीत बसत, मी बाहेर. ताप, खोकला, खरूज माझ्याकडे. जिथे डोकं लागेल ते त्यांच्याकडे. म्हशीची केस पहिलीच, त्यामुळे ती कोणाकडे जाते ते मला कळेना.

काशीआक्का म्हणजे वडगावच्या परशुअण्णांच्या पत्नी. अण्णा विणकर. लुगडी विणायचे, हात नामांकित. दीड-दोन महिन्यांपूर्वी ते गुडघे धरून आमच्याकडे आले होते. माणूस उंचीला बेताचा आणि पोट मात्र त्यांच्या अर्धा पाऊल पुढे. आमच्याकडे वजनकाटा फक्त तान्ह्या मुलांचा. मोठ्या माणसांना आम्ही समोरच्या सुताच्या दुकानात नेऊन गठ्ठे तोलायच्या काट्यावर उभं करायचो. अण्णा त्यावर चढले खरे, पण चढतानाच कुरकुरले. "ह्याच काट्यावर मला सूत तोलून मिळतंय. ह्यो आजवर माझा कधी झालाय?"

काटा कोणाचाही असो, वजन भरपूर होतं. थोरले डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यांवर ओझं पडतंय अण्णा. तूप, लोणी, साय जरा बेतानं घ्या."

'जरा बेतानं' हे शब्द परशुअण्णांच्या कोशात नव्हते. त्यांनी घरी जाऊन जेवढं म्हणून पांढरं होतं तेवढं बंद केलं. दूध, दही, ताक, सगळं. भात तेवढा वाचला.

"मग आता म्हैस का विकताय?" मी विचारलं.

"मी कशाला इकतोय? त्यो इकतोय!" आक्का म्हणाल्या. "दूध सोडून दीड महिना झाला तरी पोट वाढतंच हाय म्हणतोय. मी भाजीत गुपचूप साय घालतोय म्हणून माझ्यावर संशय. म्हस दारात हाय तवर पोट जायाचं न्हाय, म्हणतोय. काकतीच्या भरमाआप्पाला शब्द देऊन आलाय. डाक्टर, अनगोळास्नं, म्हायेरास्नं, माझ्या आप्पानं दिल्याली रेडी ती. माझ्या हातावर वाढली. मला ल्योक न्हाय, लेक न्हाय. सकाळी उठून मी कुणाला हाक मारू?"

आमच्याकडच्या बायका 'मी बोलतोय, मी जातोय' असंच म्हणतात. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. पण त्या वेळी माझं लक्ष बोलीकडे नव्हतं. आक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मला फार वाईट वाटलं.

आतला पडदा सरकला. थोरल्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हैस विका असं मी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

"दूध तुमीच बंद केलासा न्हवं?"

"तेही केलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायकल काढा. वडगावला जाऊन बघून या. आजपासून तुम्ही म्हशीचे वकील."

दुपारी गेलो. वडगावात शिरलं की प्रत्येक घरातून मागाचा खटखटाट ऐकू यायचा. अण्णांच्या घरी डाव्या हाताला म्हैस, उजव्या हाताला माग. म्हैस खरोखर देखणी होती, काळीभोर, आणि जगातल्या कुठल्याही पोटाशी आपला संबंध नाही अशा चेहऱ्यानं रवंथ करत होती.

हा माग खड्ड्याचा. जमिनीत हातभर खोल खड्डा असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो आणि पायांनी खालच्या पावड्या दाबतो. पोटाच्या अगदी समोर एक आडवा लाकडी रूळ असतो. त्याच्या पलीकडे ताणा, म्हणजे उभे धागे, आणि विणून झालेलं कापड त्या रुळावर गुंडाळत जायचं. म्हणजे बसायची जागा ठरलेली, रुळाची जागा ठरलेली आणि मधल्या फटीत विणकराचं पोट. अण्णांचं पोट तिथे दाटीवाटीनं बसलं होतं.

"या डाक्टर. हे बघा," असं म्हणत अण्णांनी आपली बोटं पोट आणि रूळ यांच्यामध्ये आडवी घातली. "दूध सोडलं त्या दिशी चार बोटं सरळ जात हुती. आता बघा. अडीच! ती बी दाटून. रोज बघतोय मी. रोज कमीच."

"एकदा काट्यावर येता का?"

"काटा यापाऱ्याचा हाय. बोटं माझी हाईत."

मी डाएटकडे वळलो. डाएट म्हणजे माणूस दिवसभरात काय काय खातो त्याचा हिशेब. पेशंट तो कधीच सरळ देत नाही. लबाडी नसते त्यात. जे खाणं त्याच्या लेखी खाणंच नाही, ते तो सांगत नाही.

"अण्णा, पूर्वी दुपारी काय खायचात?"

"ताक-भाकरी. त्यावर लोण्याचा गोळा. आक्का घालायची, लिंबाएवढा."

"आणि आता?"

"भाकरी आनि भाजी. ताक न्हाय, तवा भाकरी घशाखाली उतरत न्हाय. थोडी टाकतो. मग चार वाजता पोटात कालवतंय. जरा हॉटेलापतोर जाऊन येतो."

"हॉटेलात काय घेता?"

"काय न्हाय. मिरची भजी."

"किती?"

"पलेट."

"एक?"

अण्णांनी म्हशीकडे पाहिलं. "एकावर भागतंय व्हय? मग गुळाचा चा, बिनदुधाचा. घरी येऊन शेंगा-गूळ. चिरमुरे." आणि माझा चेहरा बघून चिडून म्हणाले, "असं काय बघतासा? त्यात दूध कुठं हाय?"

आतून आक्का हसल्या. अण्णांना ते आवडलं नाही.

मी समजावून सांगितलं. पोटाला दूध आणि तेल यांची जात कळत नाही, एकूण किती आलं तेवढंच कळतं. लोण्याचा गोळा गेला हे चांगलं झालं, पण त्याच्या जागी भजी, गूळ आणि शेंगा आल्या. ताक होतं तेव्हा संध्याकाळपर्यंत पोट शांत राहायचं. ते गेलं आणि भूक मोकाट सुटली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा अडीच बोटं दाखवली. "ते असू दे. पर हे कशानं?"

मला त्यांचंही खरं वाटत होतं. भजी खाऊन दीड महिन्यात दीड बोट पोट पुढे यावं हे काही मला पटेना. मी खाली उकिडवा बसून त्या फटीकडे बघत राहिलो. अण्णा आडव्या धाग्याचा धोटा फेकत होते. थोडं विणून झालं की हात थांबवायचे, रूळ फिरवून कापड गुंडाळून घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. तिसऱ्यांदा रूळ फिरला तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"अण्णा, रुळावर आत्ता किती लुगडी आहेत?"

"दोन झाली, तिसरं सरत आलंय. यंदा यापाऱ्यानं चार सलग मागितलीत, लग्नसराई हाय म्हणून. चार झाल्याबिगर कापायची न्हाईत."

"आणि एरवी?"

"एरवी एक झालं की कापून मोकळं."

"ह्यातलं पहिलं लुगडं लावलं कधी?"

"दूध सोडलं त्याच आठवड्यात. सोडलं म्हणून नवा ताणा बी..."

अण्णांचा हात थांबला. त्यांनी रुळाकडे पाहिलं. लुगड्यांना रेशमाचे जाड काठ, त्यामुळे गुंडाळी चांगली फुगली होती. त्यांनी तिच्यावर दोन चापट्या मारल्या. मग स्वतःच्या पोटावर दोन मारल्या. बराच वेळ ते दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होते.

"म्हंजे ह्यो माझ्याकडं सरकतोय," ते शेवटी म्हणाले, "आनि मी म्हणतोय मी त्याच्याकडं सरकतोय."

"करदोडा बघा," मी म्हणालो. कमरेचा काळा करदोडा त्यांनी वर्षभर बदलला नव्हता. तो ना आवळला होता, ना सैल झाला होता. गाठ होती तिथेच होती. म्हणजे पोट वाढलं नव्हतं आणि कमीही झालं नव्हतं.

"मग दीड महिना ताक सोडून मी मिळवलं काय?"

"मिरची भजी," आक्का आतून म्हणाल्या.

मला वाटलं, खटला जिंकला. पण अण्णा मान हलवायला लागले. "भरमाआप्पाला शब्द दिलाय. परवा येनार त्यो. शब्द गेला की मानूस गेला." आक्कांचं हसू जागच्या जागी विरलं. आपल्या नवऱ्याचा शब्द काय असतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी म्हटलं, "शब्द मोडू नका. पुढे ढकला. चौथं लुगडं होऊन रूळ रिकामा होऊ दे. तोवर मी सांगेन तसं वागा. रिकाम्या रुळाला चार बोटांहून जास्त फट झाली तर म्हैस निर्दोष. नाही झाली तर न्या म्हणावं."

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वकील बदलावा की काय. मलाही मनातून धडकीच भरली होती.

माझ्या अटी साध्या होत्या. दुपारी ताक-भाकरी पुन्हा सुरू. सकाळी कपभर दूध. हॉटेल बंद, गूळ-शेंगा बंद. आणि लोणी बोटाच्या पेराएवढं. इथे आक्का कळवळल्या. "एवढंसं? मांजराला घालतोय व्हय मी?" पण म्हैस राखायची तर गोळा सोडावा लागणार हे त्यांना कळलं. म्हैस निर्दोष होती. लोण्याचा गोळा तेवढा निर्दोष नव्हता.

शेवटची अट चालण्याची. नवा ताणा मागावर चढवण्याआधी विणकर तो पहाटे गल्लीत लांबच्या लांब ताणून धरतात आणि त्याला खळ, म्हणजे पिठाची पेज, लावतात. कुंचा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे सारख्या फेऱ्या घालाव्या लागतात. एकट्याचं काम नव्हे ते. कुणाचाही ताणा असो, सारी गल्ली हाताला हात लावते. पण नाव झाल्यापासून अण्णा कट्ट्यावर बसून नुसत्या सूचना करायचे. मी म्हटलं, "आजपासून कट्टा बंद. गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा ताणा असतो. कुंचा घ्यायचा आणि चालायचं."

"लोक हसतील."

"गुडघे हसणार नाहीत."

ठरल्या दिवशी भरमाआप्पा काकतीहून आले. सगळी हकीकत त्यांनी ऐकली, म्हशीभोवती एक चक्कर मारली, तिच्या कासेला हात लावला आणि म्हणाले, "असली म्हस इकणारा मानूस एकतर अडचणीत असतोय न्हायतर येडा. मला घाई न्हाय. ह्यो त्यातला कुठला ते कळू दे, मग बघू."

लुगड्यांचं काम अवघड होतं. जरा रेंगाळलं, आणि ते बरंच झालं. अधूनमधून मी सायकलवरून चक्कर टाकायचो. पहाटेच्या गल्लीत अण्णा कुंचा घेऊन चालताना दिसायचे. आधी फुरफुरत, पुढे पुढे गप्पा मारत.

चौथं लुगडं उतरलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. भरमाआप्पाही आले होते, बरोबर दावं घेऊन. गल्लीतली मंडळी दारात जमली. अण्णांनी चारी लुगडी कापून रूळ मोकळा केला आणि खड्ड्यावर बसले. बोटं घालायला हात पुढे केला, तर आक्का म्हणाल्या, "तुमी नगो. मी घालतो."

चार बोटं गेली. आक्का थांबल्या. मग त्यांनी मूठ वळली आणि पुढे सारली. आख्खी मूठ आत गेली.

"तुझा हात बारीक हाय," अण्णा म्हणाले आणि स्वतःची मूठ घातली. तीही गेली. किंचित घासून, पण गेली.

आक्का उठल्या आणि म्हशीकडे गेल्या. तिच्या कपाळाला कपाळ लावून त्या काहीतरी बोलत राहिल्या. मला इतका आनंद झाला की मी उगाचच सगळ्यांशी हात मिळवत सुटलो. म्हशीचा वकील म्हणून कमावलेलं ते यश पुढे कुठल्याही माणसाच्या केसमध्ये मला तसं मिळालं नाही.

भरमाआप्पांनी दावं खांद्यावर टाकलं. "कळलं," ते म्हणाले. "येडा." आणि अण्णांच्या शेजारी बसून वाटीभर ताक प्यायले.

अण्णा त्यानंतर काही काटकुळे झाले नाहीत. पण गुडघे पुष्कळ हलके झाले आणि माग कधी बंद पडला नाही. आक्कांची ताकाची चरवी दर आठवड्याला डिस्पेन्सरीत येत राहिली. थोरले डॉक्टर त्यात बोटभर लोणीही सोडायचे, आणि वर्षभरात त्यांच्याच कोटाची बटणं लागेनाशी झाली. ते म्हणायचे, धोब्यानं कोट आटवला.

वजनासाठी दूध सोडू का, असं मला आजही लोक विचारतात. मी त्यांना सांगतो, दूध-ताक बेतानं घ्या, लोण्यावर नजर ठेवा, चार वाजता काय खाता ते खरं सांगा आणि चाला. पण हे सगळं नंतर. पहिला प्रश्न मी वेगळाच विचारतो: पोट वाढलं म्हणता, ते कशाला लावून मोजलंत?