सतरा नंबरचा फॉर्म

आमच्याकडे माझ्या नातीबद्दल एक वाक्य ठरून गेलं आहे: ‘पोर हुशार, पण दम्यामुळे दहावी राहिली.’ हे वाक्य मी तयार केलं आणि ते खोटं आहे. तिची दहावी माझ्यामुळे राहिली.

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झालो आणि मुलाने नातीला मुंबईहून आमच्याकडे आणून ठेवलं. तिथली हवा तिला सोसत नव्हती. इथेही शाळेची चढण चढली की पहिला तास धाप आवरण्यात जाई. नववीनंतर मीच म्हटलं, घरी शिकवतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसेल. हा फॉर्म शाळेच्या ऑफिसात मिळायचा आणि तिथेच भरून द्यायचा.

दोन हजार चार-पाचचा सुमार. एसटी स्टँडजवळ एक बाई नेटकॅफे चालवायच्या. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी नेटवर पुष्कळ साहित्य असतं असं मुलाने फोनवर सांगितलं होतं. दर शनिवारी आम्ही दोघं जायचो. एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की बाई विचारायच्या, “सर, चहा सांगू? झाल्यावर पान उघडेल.” छापलेले कागद मी घरी आणून लाल पेनाने तपासायचो. उत्तरं चुकलेली सापडली की मला आनंद व्हायचा. “बघ गो, जगाला शिकवायला निघालेत आणि वजाबाकी येत नाही.” नात हसायची. त्या वर्षात ती खूप हसली.

एका शनिवारी नियमांचं एक पान मिळालं. इंग्रजीत, सुबक चौकटी. घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंदणी डिसेंबरअखेर, असं त्यात होतं. नात म्हणाली, “आजोबा, यात आपल्या बोर्डाचं नाव कुठे दिसत नाही.”

“नियम सगळीकडे सारखेच असतात. तू गणितं सोडव.”

ते एकच पान मी तपासलं नाही.

शाळेत जाऊन विचारायला दहा मिनिटं लागली असती. पण ऑफिसात आता कारकून होता तो माझाच विद्यार्थी. त्याला मी वर्गात फळ्याशी उभा करून ‘ढ’ म्हणायचो. त्याच्यापुढे फॉर्मसाठी उभं राहणं मला नको होतं. श्रावणात तो बाजारात भेटला. हातात भाजीची पिशवी. “सर, नातीचा सतरा नंबर भरायचाय ना? या एकदा ऑफिसात.”

“आता सगळं नेटवर कळतं रे. तुझ्याकडे हेलपाटे घालायचे दिवस गेले.”

तो कसनुसा हसला. “बरं सर,” म्हणाला.

डिसेंबरात मी फाइल घेऊन गेलो. त्याने मला खुर्ची दिली. मग म्हणाला, “मुदत गणपतीच्या आधीच संपली, सर. उशिराचीही गेली. मी घरी येणार होतो. पण तुम्ही म्हणालात…” मी फाइल उघडून ते पान दाखवलं. त्याने नीट वाचलं. “हे दुसऱ्या बोर्डाचं आहे,” तो म्हणाला.

घरी येऊन मी नातीला सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, यंदा परीक्षेचा ताण नको.” संध्याकाळी मुलालाही फोनवर तेच सांगितलं. ती शेजारीच उभी होती. त्या महिन्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो, हे तिला माहीत होतं. कुठले डॉक्टर, असं तिने विचारलं नाही. पाटीवरचं अर्धं सोडवलेलं उदाहरण तिने पुरं केलं आणि पाटी पुसली.

पुढच्या वर्षी भरू, असं मी मनाशी म्हणत होतो. पण सून म्हणाली, डॉक्टरच नको म्हणतात तर कशाला पोरीच्या जिवाशी खेळ? डॉक्टर म्हणालेच नव्हते, एवढंच मला बोलायचं होतं. मी बोललो नाही. नात शिवण शिकली. पुढे हेदवीला दिली.

गेल्या मे महिन्यात ती आली होती. माझ्या चुलतभावाने नेहमीसारखं म्हटलं, “हिला दहावी झेपली नाही, पण संसार झेपला हो.” सगळे हसले, तीही हसली. तिची मुलगी मात्र हसली नाही. आईकडे बघत राहिली. सातवीत आहे ती.

ते पाहून मी फाइल काढली. कागद पिवळे पडलेत, लाल खुणा अजून स्पष्ट आहेत. नियमांच्या पानावर माझी एकही खूण नाही. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, नातीने लिहिलेलं आहे: ‘शाळेत विचारायचं?’

हा मजकूर आणि ते पान मी हेदवीला पाठवतो आहे, नातीच्या मुलीच्या नावाने. तिने तो आईसमोर मोठ्याने वाचावा.